टेस्टिंगच्या वर्गात ‘गप्प बसवले’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील पर्वरी येथील आमच्या वाइन टेस्टिंगच्या वर्गाबद्दल आपण एक तारा देऊन सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : पैसे भरून आलेल्या बारा जणांना प्रत्येक वाइनच्या वेळी सुरुवातीची काही मिनिटे एकमेकांशी बोलू दिले नाही, बाटल्या कापडात गुंडाळून ठेवल्या, पेल्यात घोट-दोन घोटच वाइन ओतली, लाल वाइन थंड करून दिली, आपल्या पत्नीला केसांतला सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) उतरवून ठेवायला सांगितले, आणि तिसऱ्या क्रमांकाची वाइन दूषित आहे हे ठाऊक असूनही ती सर्वांना चाखायला दिली. ‘हा आस्वाद नव्हता, परीक्षा होती,’ असे आपण शेवटी म्हटले आहे. असाच प्रश्न इतरांच्याही मनात येऊ शकतो, म्हणून हे उत्तर येथे जाहीरपणे लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिसऱ्या वाइनचा आहे. आपण स्वतःच लिहिले आहे, की पहिल्या वासाला आपण कागदावर ‘ओला पुठ्ठा’ अशी नोंद केली होती. पुढे चर्चेत एका अनुभवी गृहस्थांनी ‘ही मुरलेल्या वाइनची खोली आहे’ असे सांगितले, म्हणून ती नोंद आपण खोडली. आणि ती वाइन सदोष असल्याचे आम्ही जाहीर केले तेव्हा आपल्याला चारचौघांत संकोच वाटला. माझे म्हणणे असे, की त्या वर्गात ती वाइन बरोबर ओळखणारे नाक आपलेच होते. बुचाच्या सालीत काही बुरशींमुळे ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचे संयुग तयार होते आणि ते वाइनमध्ये उतरते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्याशा प्रमाणातही ते जाणवते आणि वाइनचा मूळचा फळांचा वास झाकून टाकते. प्रकृतीला त्यापासून अपाय नाही; अपाय असता तर ती वाइन आम्ही कोणाच्याही हाती दिली नसती. मात्र या वासाला नाक फार लवकर सरावते. पहिल्या हुंगण्याला जो पुठ्ठा स्पष्ट जाणवतो, तो तिसऱ्या-चौथ्या हुंगण्याला फिका पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी आत्मविश्वासाने काही सांगितले की ते सगळ्यांना पटते. आपली खोडलेली नोंद हे याचेच उदाहरण होते.

हा दोष वर्णन करून शिकवता येत नाही, तो एकदा नाकाखालून जावा लागतो. म्हणूनच असा दोष आढळलेली बाटली आम्ही टाकून न देता वर्गासाठी राखून ठेवतो. चौथ्या पेल्यात त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, तीच शिराझ ही लाल वाइन निर्दोष बाटलीतून दिली होती, आणि ‘चौथी मात्र उत्तम होती’ असे आपणच अभिप्रायात लिहिले आहे. हॉटेलात अशी दूषित बाटली समोर आली की बहुतेक लोक काही न बोलता ती संपवतात आणि आपल्याला शिराझ आवडत नाही अशी समजूत करून घेतात. वेळीच सांगितले तर ती बाटली बदलून मिळते. सांगण्यासाठी फक्त स्वतःच्या नाकावर विश्वास हवा.

त्या शांततेचे कारणही हेच आहे. समूहात बसून चाखण्याचा लाभ मोठा आहे, कारण आपल्याला न सापडलेले काही शेजाऱ्याला सापडते. पण तो लाभ आधी प्रत्येकाने आपले स्वतंत्रपणे लिहून झाल्यावरच मिळतो. शिराझमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले, आणि त्याच अभ्यासात सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना तो वास जवळजवळ जाणवतच नाही असेही आढळले. म्हणजे बारा जणांच्या बैठकीत दोघा-तिघांना मिरी सापडली नाही, तर ती त्यांची उणीव नव्हे. अशा माणसाने इतरांचे ऐकून कागदावर ‘मिरी’ लिहिले तर त्याने स्वतःच्या जिभेबद्दलची एक खरी माहिती कायमची गमावली, असे मला मनापासून वाटते. आपल्या वर्गातील एका बाईंनी शेवटपर्यंत ‘मिरी नाही, करवंद’ असेच ठेवले, आणि ते मला फार आवडले.

बाटल्या झाकण्यामागचे कारण याहून सोपे आहे. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. नुसत्या रंगाने एवढे होते, तर लेबल आणि किंमत दिसल्यावर काय होईल, याचा विचार करावा. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी झाकलेल्या वाइन चाखून लाल आणि पांढऱ्या अशा दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिले स्थान दिले. लेबले उघडी असती तर तो निकाल लागला नसता, असे मी खात्रीने म्हणेन. आपल्याकडे नाशिकच्या वाइनबद्दल पिण्यापूर्वीच मत बनवणारे पुष्कळ आहेत. कापड काढल्यावर त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि म्हणून ते कापड मी सोडणार नाही.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’लाच द्यायची असते, असे आपण म्हटले आहे. हा नियम युरोपातल्या थंड घरांमधून आला. मार्चमध्ये आपल्याकडे दुपारी खोलीचे तापमान 30 अंशांच्या वर जाते, आणि त्या उष्णतेत पेल्यातून आधी अल्कोहोल नाकात शिरते, फळ मागे राहते. लाल वाइन आम्ही 16 ते 18 अंशांवर देतो. हाताला ती थंड लागते, पण दहा मिनिटांत पेल्यातच तिचे तापमान चढते, तेव्हा सुरुवात थोडी खालून करणेच योग्य.

वळेसराबद्दल मला विशेष लिहायचे आहे, कारण त्यात आपल्या पत्नीचा अनादर झाला असे आपल्याला वाटले. सुरंगीचा वास मलाही प्रिय आहे, आणि तो किती दाटपणे भरून राहतो हे गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. बंद खोलीत शेजारच्या चौघांना त्यापलीकडचे काहीही हुंगता आले नसते. नोंदणीच्या संदेशात अत्तर आणि वासाची फुले टाळण्याची विनंती असते. वळेसर पाण्याचा हबका मारून बाहेर ताटलीत ठेवला होता आणि निघताना तो ताजाच परत दिला. अबोली माळून आलेल्या बाईंना कोणी काही म्हटले नाही, कारण अबोलीला वास नसतो.

वाट्यांमध्ये पेरू, मिरी, ढोबळी मिरची आणि भिजवलेला पुठ्ठा ठेवून ‘बालवाडी’ भरवली, असेही आपण लिहिले आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात ॲन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या वासांचे चक्र, म्हणजे वासांची गटवार मांडणी करणारी गोल आकृती, तयार केले, तेव्हा स्वयंपाकघरात मिळणाऱ्या वस्तूंचेच नमुने वापरण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. सोव्हिन्यों ब्लाँक या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा वास आहे की नाही याचा वाद करण्यापूर्वी ती वाटी एकदा हुंगलेली असली म्हणजे सगळे जण एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

वाइन कमी दिली, हे खरे आहे. पाच पेल्यांत प्रत्येकी 50 मिलिलिटर, म्हणजे एकूण बाटलीचा तिसरा हिस्सा. पेला फिरवून वास मोकळा व्हायला वरची जागा रिकामी लागते, आणि पाचव्या पेल्यालाही जीभ शुद्धीवर असावी लागते. पिकदाणी त्यासाठीच ठेवलेली असते. तिच्यात थुंकणे कोणालाही बंधनकारक नाही, पण गाडी चालवत परत जाणाऱ्यांना मी ती वापरण्याचा आग्रह करतो आणि पुढेही करीन.

कोणती वाइन ‘सर्वांत चांगली’ ते आम्ही शेवटपर्यंत सांगितले नाही, ही आपली शेवटची तक्रार. तशी यादी मी देणार नाही. परंतु आपण घरी काय जेवता हे सांगितलेत तर सल्ला जरूर देईन. रविवारी बांगड्याचे हुमण असेल तर चौथ्या क्रमांकाची ती शिराझ कितीही आवडली तरी त्या दिवशी उघडू नका. लाल वाइनमध्ये लोहाचे प्रमाण जास्त असले तर मासळीबरोबर तोंडात हिवस चव रेंगाळते, हे जपानी संशोधकांनी 2009 साली दाखवले आहे. त्याऐवजी किंचित गोडसर शेनिन ब्लाँक ही पांढरी वाइन 8 ते 10 अंशांपर्यंत थंड करून घ्या. तिखट आणि सोलांच्या आंबटपणाला ती चांगली सांभाळून घेते. शिराझ मटणाच्या शागुतीसाठी ठेवा.

आपला नम्र,
वर्गाचा संचालक