पर्यावरणाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार: घरपोच, जीएसटी वेगळा

गेल्या मंगळवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो, तोच फोन. पलीकडे मधाळ आवाज. "सर, अभिनंदन! आंतरराष्ट्रीय पर्यावरण नेतृत्व पुरस्कारासाठी ज्यूरींनी एकमताने तुमची निवड केलीये." मी म्हटलं, अहो, पण मी केलंय काय? तिकडे क्षणभर शांतता, मग कागद चाळल्याचा आवाज. "सर, पर्यावरण क्षेत्रातलं तुमचं भरीव योगदान." माझं भरीव योगदान म्हणजे गच्चीतल्या चार कुंड्या आणि एक कढीपत्ता, त्यालाही सध्या मावा लागलाय. पण बाई ठाम होत्या. सोहळा दुबईला, पंचतारांकित हॉटेलात. मानचिन्ह, शाल, प्रमाणपत्र. सहभाग शुल्क फक्त अडतीस हजार, प्लस जीएसटी. सौ.ना आणायचं तर अकरा हजार वेगळे.

विसरूनही गेलो असतो. पण शुक्रवारी सकाळी दूध आणायला बाहेर पडलो तर कॉलनीच्या तोंडाशी, कडुनिंबावर, फ्लेक्स. तोच पुरस्कार, तीच दुबई, आणि शालीत आमचे पुढारी भाऊ. म्हणजे अडतीस हजार भरणारं गिऱ्हाईक त्यांना आमच्याच वॉर्डात सापडलं होतं.

तेव्हा म्हटलं, तुम्हालाही हा मान मिळायला हवा. त्यासाठी चार शब्द सांगतो, फुकट.

पहिलं म्हणजे पुरस्कार बघून निवडा. नावात 'ग्लोबल', 'ग्रीन' आणि 'आयकॉन' यांपैकी किमान दोन शब्द पाहिजेत. चुकूनसुद्धा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डमन पुरस्काराच्या नादी लागू नका. अतिशय अव्यवहारी मंडळी. 1990 पासून वाटतायत, पण अर्ज करायची सोयच नाही. नावं गुपचूप सुचवली जातात. फी घेत नाहीत, उलट हेच पैसे देतात! बरं, मानचिन्ह तरी धड असावं, तर स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला ब्राँझचा साप. हा काय शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवायचा?

आणि देतात कुणाला, तर ज्यांनी काहीतरी अडवलंय त्यांना. 1992 ला मेधा पाटकर. आपल्याकडे त्यांचं नाव काढलं की रेल्वेचा अर्धा डबा 'विकासविरोधी' म्हणून ओरडतो, ते सोडा. 2024 ला छत्तीसगडचे आलोक शुक्ला, हसदेवच्या जंगलातल्या 21 नियोजित कोळसा खाणींच्या आड आले म्हणून. 2014 ला छत्तीसगडच्याच रायगढचे रमेश अग्रवाल. त्यांचं एक छोटंसं इंटरनेट कॅफे. तिथे बसून गावकऱ्यांना खाणींचे कागद समजावून सांगायचे, माहिती अधिकाराचे अर्ज करायचे. 2012 मध्ये माणसं दुकानात शिरली आणि त्यांच्या पायावर गोळ्या झाडून गेली. मांडीचं हाड फुटलं. होंडुरासच्या बेर्ता कासेरेस यांना 2015 मध्ये नदीवरचं धरण रोखल्याबद्दल पुरस्कार मिळाला. 2016 च्या मार्चमध्ये त्यांना राहत्या घरात मारलं. नायजेरियात तेल कंपन्यांशी लढलेल्या केन सारो-विवांना पुरस्कार 1995 चा, आणि फाशीही 1995 चीच. दुबईवाल्यांचं पॅकेज स्वस्त का वाटतं, आलं ना लक्षात?

संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' त्यामानाने सौम्य. पण त्यातही फसायची भीती आहे. मुंबईचे अफरोज शाह बघा, व्यवसायाने वकील. 2015 मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा वेचायला लागले. 2016 मध्ये जगाने टाळ्या वाजवल्या. आणि 2017 च्या नोव्हेंबरात काम थांबवतो म्हणून जाहीर करायची पाळी आली, कारण गोळा केलेला कचराच वेळेवर उचलला जात नव्हता, आणि वर दमदाटी. पुढे पुन्हा लागले म्हणा कामाला. चिवट माणूस.

आसामच्या पूर्णिमादेवी बर्मन यांना 2022 मध्ये मिळाला. ही बाई काय करते? हरगिला नावाचा एक टकल्या, घाण खाणारा, लोकांनी अपशकुनी ठरवलेला करकोचा आहे, त्याचं डोहाळजेवण. खरंच. गावातल्या बायका जमवून पक्ष्याचं डोहाळजेवण घातलं, का तर त्याचं घरटं असलेलं झाड कुणी तोडू नये. तुम्हाला जमेल? आपल्याकडे घरटं दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, 'गाडीवर घाण पडते.'

रोप लावण्याआधी फोटोग्राफर बोलवा.

रोप काळ्या पिशवीतून काढू नका. फोटो झाला की नर्सरीत परत जातं, पुढच्या पाच जूनला तेच चालतं.

भाषणात 'वसुंधरा' तीनदा आणि 'येणारी पिढी' दोनदा. तुकोबांची सोयरी वृक्षवल्ली शेवटी. त्याआधी आली तर लोक उठून जेवायला जातात.

आता सर्वांत महत्त्वाचं: पुरस्काराला पात्र व्हायचं तर आधी हातून काहीतरी झालेलं असावं. आमच्या भाऊंचं उदाहरण घ्या. आमच्या मागून एक नाला जातो. नाला आत्ता म्हणतात, माझ्या लहानपणी ओढा होता, खेकडे मिळायचे. काठावर एक उंबर. फळं धरली की धनेश यायचे, नवरा-बायको जोडीने, सकाळी सातच्या सुमारास. बायको चहाचा कप घेऊन गॅलरीत त्यांची वाट बघायची. तर भाऊंनी 'नाला सुशोभीकरण' आणलं. सुशोभीकरण म्हणजे दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत, वर निळी रेलिंग आणि भाऊंच्या नावाची कमान. उंबर मधे येत होता. रीतसर नोटीस लागली झाडावर, खिळा ठोकूनच. हरकत घ्यायला सात दिवस. मी अर्ज लिहिला. पन्नास वर्षांपुढचं झाड आता हेरिटेज धरतात, 2021 मध्ये कायद्यात तशी सुधारणा झालीये, हा उंबर तर माझ्या वडिलांनीही मोठाच पाहिलेला. घरोघर सह्यांसाठी फिरलो. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी सही केली नाही कारण मुलाचं काम अडलंय. दुसऱ्या मजल्यावर 'बघू'. तिसऱ्यावर दार उघडून, अर्ज वाचून, "तुम्हाला वेळ आहे बुवा!" एकशे बारा फ्लॅटमधून सह्या चार. त्यातली एक माझी, एक बायकोची. उत्तर आलं: झाड धोकादायक. शनिवारी यांत्रिक करवत आणली, अकरा वाजेपर्यंत उंबर ट्रॉलीत. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची असतात ना? लावली की. रेलिंगच्या कडेने शोभेच्या पामच्या कुंड्या. त्यातल्या निम्म्यांत आता पानाच्या पिचकाऱ्या आहेत. आणि गेल्या पावसाळ्यात त्याच काँक्रीटच्या नाल्याचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर, तेव्हा हेच भाऊ गमबूट घालून पाहणीला आले होते. फोटोग्राफर होताच.

हेच ते भरीव योगदान. शंका असेल तर फ्लेक्सवर बघा, मागे निळी रेलिंग दिसते.

आणखी एक टीप राहिली. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांसारखं करू नका. 2011 मध्ये अहवाल दिला की अख्खा पश्चिम घाट नाजूक आहे, गावकऱ्यांना विचारून काय ते करा. सरकारने तो दाबून ठेवला, माहिती अधिकारात भांडावं लागलं तेव्हा 2012 मध्ये लोकांसमोर आला. मग त्यावर दुसरी समिती. मधल्या काळात 2014 ला माळीण डोंगराखाली गेलं, 2021 ला तळीये, 2023 ला इर्शाळवाडी. आणि डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी गाडगीळांना जीवनगौरव दिला, तेव्हा आमच्या ग्रुपवर 'अभिमान आहे पुणेकर असल्याचा', हात जोडलेले, झेंडे, फुलं. त्याच्या बरोबर खालचा मेसेज कुठला होता माहितीये? ताम्हिणीत डोंगरउतारावर एनए प्लॉट, स्विमिंग पूलसह, पहिल्या वीस जणांना सवलत. आणि त्याखाली तिघांनी विचारलेलं, 'रेट काय?'

नावं सांगू का तिघांची?

नको, उपरोध वगैरे राहू दे आता. भाऊंवर माझा राग आहेच, पण ते धंदा करतात आणि धंदा उघड आहे. दुबईची बाईही पोटासाठीच फोन लावते. मला चीड येते ती तुमची, सोसायटीवाल्यांची. उंबरासाठी चार सह्या आणि भाऊंच्या अभिनंदनाच्या कालच्या पोस्टखाली एकशे सदतीस जण! मी मोजले. त्यात पहिल्या मजल्यावरचे काका आहेत, 'बघू'वाले आहेत, आणि मला वेळ आहे म्हणणारी बाई 'निसर्गाचा खरा पुजारी' असं लिहून मोकळी झालीये. पुजारी! अहो, तुमच्या डोळ्यांदेखत तोडलं ते झाड. तुमची पोरं त्याखाली क्रिकेट खेळायची. रमेश अग्रवालांना गोळ्या खायला लागल्या, तुम्हाला फक्त पेन उचलायचं होतं, तेही मी बरोबर घेऊन आलो होतो. सत्कार समितीची वर्गणी मात्र फ्लॅटमागे तीनशे, आणि ती सगळ्यांनी दिली. पावत्या बघितल्यात मी.

माझ्याकडे मागायला येऊ नका. रविवारच्या सत्कारालाही येणार नाही.

तो फ्लेक्स बारा खिळ्यांवर होता, चार-चार इंची. काल रात्री शिडी लावून सात काढले, खालच्या दोन ठिकाणी डिंक आलाय. वरचे पाच हाताला येत नाहीत. कुणाकडे मोठी शिडी असेल तर सांगा, पक्कड माझ्याकडे आहे.