हात दाखवा, पण कुठे?

परदेशात लिफ्ट मागायला म्हणे अंगठा वर करतात. आपल्याकडे अंगठा म्हणजे ठेंगा, आणि भरधाव ट्रकवाल्याला ठेंगा दाखवण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. आपली खूण वेगळी. हात खांद्याच्या जरा खाली आडवा धरायचा, तळवा जमिनीकडे, आणि पाळण्यातल्या पोराला थोपटल्यासारखा दोन-तीनदा हलवायचा. एसटीने ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ म्हणत अख्ख्या महाराष्ट्राला ही विद्या दिली. हात कुठे दाखवायचा, तेवढं सांगायचं राहिलं.

नवी मुंबईतून पुण्याकडे फुकटात निघणाऱ्याचा निम्मा दम नवी मुंबई संपवण्यातच जातो. सायन-पनवेल हायवे शहराच्या मधून जातो, म्हणून भोळ्या माणसाला वाटतं, कुठेही उभं राहिलं तरी चालेल. तो नेरूळला पुलाखाली सावली बघून उभा राहतो. पुण्याची गाडी अक्षरशः त्याच्या डोक्यावरून जाते. खाली उतरते ती सीवूड्सला शाळेतून पोरं आणायला निघालेली. उरण फाटा, कामोठे, सगळीकडे हीच गत. पुलाखाली सावली मिळते, लिफ्ट मिळत नाही.

तेव्हा मुकाट्याने मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनला उतरून रिक्षाने कळंबोली गाठावी. (फुकट प्रवासाचं पहिलं भाडं इथे जातं.) याच्या पुढे जाऊ नये, कारण इथून एक्स्प्रेसवे सुरू होतो तो थेट ९४.५ किलोमीटरवर किवळ्याला संपतो, आणि त्यावर पायी माणसाला बंदी आहे. जे काय हात हलवायचे ते अलीकडे.

कळंबोलीला ‘पुणे पुणे पुणे, निघाली, एकच सीट!’ असा पुकारा चालू असतो. ‘निघाली’ म्हणजे अजून चार सीट भरायच्या आहेत. नंबरप्लेट पांढरी असेल तर भाडं घेऊन माणसं न्यायचं परमिटही नाही. या गर्दीत लिफ्ट मागणारा गिऱ्हाईक समजला जातो. एक्स्प्रेसवेच्या अलीकडेच गर्दीपासून शंभर पावलं दूर जावं आणि जागा निवडताना थोडं गणित करावं. ताशी ६० ने येणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. तुमचं थोबाड पाहून, पारखून, आरशात मागचं बघायला ड्रायव्हरला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे ५०-६० मीटर नुसत्या विचारात गेले, ब्रेक त्यानंतर. मागे शंभर मीटर सरळ रस्ता आणि पुढे गाडी बाजूला घ्यायला जागा हवी. वळणावर उभं राहिलात तर फक्त हॉर्न मिळेल.

कारवाल्यांच्या नादी लागू नये. फास्टॅग आल्यापासून टोलनाक्यावरही त्यांची काच खाली येत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या माणसाला ते सीटकव्हरच्या नजरेने बघतात. छत्री उघडलीत तर मग चेहराही दिसत नाही, छत्रीच लिफ्ट मागतेय असं वाटतं.

खरा दाता म्हणजे तुर्भ्याच्या मार्केटातून परतणारा भाजीचा टेम्पो. रात्री माल उतरवून, डुलकी काढून तो सकाळी रिकामा निघतो. ओळखायचा कसा? हौदा खडखडतो, ताडपत्रीची घडी झालेली असते आणि मागे रिकाम्या क्रेटची चळत दोरीने आवळलेली असते. मग नंबर बघावा. एमएच ११ सातारा, ०९ कोल्हापूर, हे आपले. १५ नाशिकची, ती बहुतेक ठाण्याकडे वळणार. तिच्यासाठी माजिवड्याला जाऊन उभं राहावं. १४, म्हणजे पिंपरी-चिंचवडची, दिसली की फार हुरळू नये. जुन्नरकडची असेल तर आधी विचारावं, ‘दादा, माळशेजने की एक्स्प्रेसवेने?’ ड्रायव्हर चाळिशीच्या आतला असेल तर दादा, पुढचा असेल तर मामा. काका म्हणू नये, काच वर जाते.

पाटी धरणार असाल तर पुठ्ठा जाड घ्या आणि अक्षर किमान वीतभर उंच काढा. इथे पुणेकरांवर देवाची कृपा आहे, दोन अक्षरांत काम होतं. त्र्यंबकेश्वरच्या माणसाने नाशिक लिहून गप्प बसावं. मात्र पुठ्ठा आंब्याच्या पेटीचा असेल तर मागची बाजू कोऱ्या कागदाने झाका. मे महिन्यात ‘देवगड हापूस’ समोर धरून उभं राहिलात तर गाड्या धडाधड थांबतील आणि डझनाचा भाव विचारून निघून जातील.

बसायचं ते केबिनमध्येच. हौद्यात माणूस न्यायला कायद्याने मनाई आहे, शिवाय घाटात ब्रेक लागला की क्रेटची चळत तुमच्या भेटीला येते. जुन्या ट्रकात केबिनमधल्या इंजिनाच्या बोनटवर जागा मिळाली तर खाली टॉवेलाची जाड घडी घ्या. बोरघाट चढेपर्यंत तो तवा होतो. गाडीचा नंबर चढण्याआधी घरी कळवावा, आणि अंधार पडल्यावर हा उद्योग करूच नये.

भाडं पैशात नसलं तरी असतंच. रात्रभर जागलेल्या माणसाने तुम्हाला घेतलंय ते त्याला झोप लागू नये म्हणून. तेव्हा कांद्याचा भाव, आडत, मुलीचं लग्न, यावर खालापूरपासून बोलत राहावं लागतं. घोरणारा प्रवासी फूडमॉलला उतरवला जातो, आणि तिथून दुसरी गाडी मिळवणं म्हणजे पुन्हा पहिला पाढा. चहा तुमच्याकडून. आणि सातारा-कोल्हापूरचा टेम्पो पुणे शहरात शिरत नाही, बायपासने सुटतो. वाकडला नाहीतर कात्रजला उतरायची तयारी ठेवा. स्वारगेटचं नाव काढू नका.

येताना मात्र गणित उलटं. आता हौदा भरलेला असतो, बाजार उघडायच्या आत पोचायचं असतं आणि कोथिंबीर कुणासाठी थांबत नाही. चुकून घेतलंच कुणी, तर रात्री दोन वाजता तुर्भ्याला उतरवून देतो. पहिली लोकल यायला अजून अवकाश असतो, आणि अंगाला मेथीचा वास येत असल्यामुळे रिक्षावाला विचारतो, ‘जुडी कशी दिली?’