पुरस्कार द्या, पण लोक राहायला गेल्यावर

गृहप्रकल्पांच्या पुरस्कारांवरचा लेख वाचला. विजेत्यांची यादी आहे, दर्शनी भागाचे फोटोही सुरेख आहेत, पण तिथे राहणाऱ्या एकाही माणसाला काही विचारलेलं नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच होते.

इंदूरच्या अरण्य वसाहतीचं उदाहरण घ्या. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी ती आखली आणि 1995 साली तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिथे गरिबातल्या गरीब कुटुंबाला जोतं, संडास-न्हाणी आणि एखादी खोली मिळायची; पुढचं घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवायचं. रस्त्यालगत ओटा, बाहेरून जिना, त्यामुळे वरची खोली भाड्याने देता येते किंवा खाली दुकान थाटता येतं. या पुरस्कारासाठी काम पूर्ण होऊन वापरात आलेलं असावं लागतं आणि तज्ज्ञ प्रत्यक्ष जाऊन पाहणी करतात. मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

आमच्या इमारतीला ताबा मिळण्याआधीच 'उत्कृष्ट डिझाइन'चं मानचिन्ह मिळालं होतं. लिफ्टसमोरच्या जागेत मात्र एकही खिडकी नाही. वीज गेली की भर दुपारी आजी-आजोबा भिंत चाचपत जिना शोधतात. परीक्षकांपैकी कुणी तिथे दहा मिनिटं उभं राहिलं असतं तरी हे कळलं असतं.

आयोजकांना कळकळीची विनंती: निदान दोन पावसाळे गेलेल्या इमारतीच स्पर्धेत घ्या, आणि सोसायटीच्या सभासदांशी बिल्डरच्या गैरहजेरीत बोला.