बेसिक, टॉप आणि आप्पा

जुना मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग गंभीर होतो आणि मग सल्ला देतो, आणि ज्यानं बाल्कनीतल्या कुंडीपलीकडं माती उकरलेली नाही तो सगळ्यात जास्त वेळ बोलतो. आमची पुरंदर तालुक्यात अडीच एकर बाग आहे, अंजीर आणि कडेला थोडं सीताफळ. ती पुरंदरच्या विमानतळाच्या जागेत जात नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो आणि उत्तर ऐकलं की लोकांचा इंटरेस्ट संपतो.

पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, पण आमच्याकडं भाड्यानं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. तो त्याचं पंचेचाळीस एचपीचं धूड घेऊन बागेत घुसतो, फांद्या खाली झुकलेल्या, याचा सायलेन्सर वर उभा, मग एका फेरीत तण जेवढं निघतं तेवढीच फळंही खाली येतात. आणि आज येतो म्हणाला की समजायचं परवा. पॉवर टिलर घे असंही एकानं सुचवलं, पण त्याच्यामागं भर उन्हात ढेकळांतून चालायचं असतं आणि माझ्या घड्याळातल्या स्टेप्स इतक्याही कमी पडत नाहीयेत.

तर मिनी ट्रॅक्टर, आणि तोही जुना, कारण अडीच एकरासाठी नवा घेतला तर तो वर्षातले बरेच दिवस शेडमध्ये उभा राहून हप्ते खाणार.

मेव्हणा हिंजवडीत आहे, त्यामुळं त्यानं लगेच एक्सेल शीट केली. डावीकडं बेसिक, म्हणजे महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ टाइप, १५ एचपी, एकच सिलिंडर, टू व्हील ड्राइव्ह. मध्ये व्हीएसटीचा १८.५ एचपीवाला. उजवीकडं टॉप, कुबोटाचा २१ एचपी, तीन सिलिंडर, फोर व्हील ड्राइव्ह, आणि त्याच्याही वर पॉवर स्टिअरिंग, ऑइलमधले ब्रेक, मोबाईल चार्जर वगैरे. प्रत्येकाला वेटेज. बॉटल होल्डरला त्यानं पाच मार्क ठेवले होते आणि सर्व्हिस कुठं मिळते याला तीन. मी म्हटलं हे उलटं कर, तर म्हणाला दाजी, युजर एक्सपिरियन्स पण बघावा लागतो.

मग ही शीट आप्पांना दाखवली. आप्पा माझे चुलते, सासवडला राहतात, पन्नास वर्षं शेती. त्यांनी मोबाईल हातभर लांब धरून वाचलं आणि विचारलं, "पावर ष्टेरिंग कशाला? हडपसरच्या चौकात वळवायचाय का?" चार्जर बघून म्हणाले, "ह्यानी फोन चार्ज हुईल, पण पाळी कोण घालणार?" पाळी म्हणजे कुळवणी. एकूण त्यांच्या मते ट्रॅक्टरला चार चाकं आणि एक मालक एवढंच लागतं, बाकी सगळा शहरी लोकांना लुटायचा धंदा.

खरं सांगायचं तर दोघंही थोडे थोडे बरोबर होते, आणि हाच वैताग होता. पंधरा एचपी म्हणजे इंजिनाचे, रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करणारा रोटर, चालतो पीटीओवर, म्हणजे मागच्या अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर, आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर त्यातले काही वाटेत गळतात. तीन फुटी रोटर तो ओढतो, हलक्या मातीत मजेत ओढतो, पण आमची जमीन उताराची, पाऊस पडून गेला की टू व्हीलवाला हलका ट्रॅक्टर जागेवरच मागची चाकं फिरवत बसतो. फोर व्हीलचा फायदा तिथं आहे. पॉवर स्टिअरिंग एवढ्याशा वजनाला नसलं तरी चालतं. ऑइल ब्रेक मात्र हवेत, उतारावर ते नसले की देव आठवतो. बाकी सिंगल सिलिंडर चालू केला की चष्मा नाकावरून घसरतो हे खरंय, पण त्याला दोरी लावता येते.

जुन्या ट्रॅक्टरांचं यार्ड बघायला नगर रोडला गेलो. त्याच रस्त्यानं पुढं सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना, तिथले नवे कोरे हिरवे ट्रॅक्टर ट्रेलरवर बसून रुबाबात चाललेले, आणि आम्ही वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून जुन्याकडं निघालेलो. यार्डात पोचल्यावर कळलं की तिथला प्रत्येक मिनी ट्रॅक्टर एका गुरुजींचा होता, गुरुजी फक्त रविवारी चालवायचे, तेही फवारणीपुरता, आणि आता मुलगा अमेरिकेला गेला म्हणून विकायचाय. इतके गुरुजी रविवारी शेतात असतील तर स्कॉलरशिपच्या पेपरांचं काय होतं कुणास ठाऊक.

आप्पांनी कुठलंही ब्रोशर न बघता सरळ इंजिनावर हात ठेवला. "गरम हाय," म्हणाले. म्हणजे आम्ही यायच्या आधी यार्डवाल्या शेठनी चालू करून ठेवलेला, थंड इंजिन किती वेळात उठतंय ते दिसू नये म्हणून. मग थांबलो. थंड होईस्तोवर चहा. मग स्टार्ट. पहिला काळा धूर आला तर आप्पा काही बोलले नाहीत, निळा येतोय का बघत राहिले, कारण निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. डिपस्टिक काढून बघितली, ऑइल दुधाळ दिसलं असतं तर पाणी गेलंय म्हणून तिथूनच परत फिरायचं होतं. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी, तिच्यातून वाफा किती येतात ते बघितलं. अवरमीटर साडेसहाशे तास दाखवत होता आणि क्लच पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं, तेव्हा आप्पा शेठना म्हणाले, "गुरुजी लई हेवी हुते काय?"

फोर व्हीलवाला मला आवडला होता. तिथं आप्पा पुढच्या टायरसमोर बसले आणि बराच वेळ उठेचनात. मला वाटलं गुडघे. पण नाही, फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतात, मातीत चालून जातं, डांबरीवर फोर व्हीलचा लिव्हर टाकूनच पळवला की पुढचे टायर लवकर घासतात, आणि ते घासलेले होते. म्हणजे गुरुजींनी रविवारची फवारणी थेट हायवेवर केलेली. शेवटी लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रॉलिक. रोटर वर उचलून इंजिन बंद केलं आणि दुसरा चहा मागवला. चहा संपेपर्यंत रोटर जमिनीला टेकला तर सील गेलं समजायचं. मी चहा इतका हळू प्यायलो की त्यावर साय आली, पण रोटर हलला नाही. गिअर ठीक, पीटीओच्या शाफ्टचे दातेही शाबूत, रुंदी आमच्या दोन ओळींत बसणारी, सायलेन्सर खाली वळवलेला, आणि मुख्य म्हणजे सासवडच्या मिस्त्रीला ते मॉडेल खोलता येतं हे आप्पांनी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं.

आता भाव. मी आपली तयारी केली होती, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, नवाच स्वस्त झाला तर जुन्याचा भाव पण उतरायला पाहिजे, वगैरे. शेठ शांतपणे म्हणाले, "साहेब, जीएसटी नव्याला. जुन्याला आपला शब्द." माझं भांडवल तिथंच संपलं.

मग आप्पा सुरू झाले. पावर ष्टेरिंग हाय म्हणता, मग एका बाजूला जड का वळतंय? सीटची अ‍ॅडजस्टमेंट अडकलीय. बाटलीचा होल्डर तुटलाय, पोरगं पानी कुठं ठिवणार? आणि ह्यो चार्जर, आप्पांनी स्वतःचा फोन लावून दाखवला, चार्जिंग येत नाही. मेव्हण्याच्या शीटमधल्या ज्या ज्या गोष्टीवर ते हसले होते ती प्रत्येक गोष्ट त्यांना पाठ होती, वेटेजसकट. शेठ घाम पुसत म्हणाले, बाबा, शेतीला चार्जर लागतो का? आप्पा म्हणाले, "टॉप मॉडेलचं पैशे मागताय न्हवं?"

अकरा हजार सुटले. वर टॉपलिंक, म्हणजे अवजार जोडायचा वरचा दांडा, आणि ट्रॉलीचा हूक फुकट. कागदांत आरसी बुकवर अजून बँकेचं नाव आहे, ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी लागते, मग २९ आणि ३० भरून ट्रान्सफर. म्हणून टोकन दिलंय फक्त, बाकीचे पैसे एनओसी हातात आल्यावर. शेठ म्हणतात सोमवारी येते. कुठल्या सोमवारी ते सांगत नाहीत.