इलिनॉयच्या शाळांचा वाढीव निधी: एक खुलासा

“अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने शाळांसाठी वाढवलेला सगळा पैसा शिकागोच गिळते, छोट्या डिस्ट्रिक्टना (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना) काहीच मिळत नाही,” हा फिरणारा दावा चुकीचा आहे. 2017च्या कायद्यानुसार प्रत्येक डिस्ट्रिक्टची गरज आणि स्थानिक ऐपत ताडून पाहिली जाते आणि त्यातल्या तुटीनुसार डिस्ट्रिक्टचे गट पाडले जातात. नव्या रकमेतले 99 टक्के सर्वाधिक तूट असलेल्या पहिल्या दोन गटांना जातात. सर्वांत संपन्न गटाला फक्त 0.1 टक्का. आदल्या वर्षीची रक्कम पाया धरूनच ही भर पडते. शाळांसाठी मालमत्ता कर जेमतेम जमणाऱ्या गावांना हा मोठाच आधार आहे, कारण पट घटला तरी बस धावावीच लागते, वर्गाला शिक्षक लागतोच. शिकागोला बरीच रक्कम मिळते, हे खरे. पण तिथे मुलेही लाखोंनी आहेत.