शेंगाचटणीचं ऑडिट

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहात, ५.७ ते ६.४ म्हणजे प्री-डायबेटिस, आत्ताच सांभाळा. आता सोलापूरच्या माणसाला बॉर्डरचं काय कौतिक, जरा विजापूर रोडनं गाडी ताणली की कर्नाटक, म्हणून मी काय फार मनावर घेतलं नाही. आमच्या हिनं घेतलं.

गल्लीत एकजण वजन उतरवायच्या शेकचे डबे विकतो, तो वासावर आलाच. 'सर, तीन महिन्यात दहा किलो.' हिनं त्याला उंबऱ्यावरनंच वाटेला लावलं आणि रजिस्टर्ड डाएटिशियन शोधून काढली. रजिस्टर्ड म्हणजे पोषणशास्त्रात वरची डिग्री, हॉस्पिटलात उमेदवारी आणि वर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा पास, हे मला रिक्षात सात रस्ता येईपर्यंत तीनदा ऐकवलं. मी टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं हिशोब लिहितोय, रजिस्टर्ड या शब्दाची भीती आपसूकच वाटते.

मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. "बसा काका." काका! सेहेचाळीसाव्या वर्षी! तिथंच निम्मं वजन उतरलं असतं पण नाही उतरलं, काट्यानं ८४ दाखवलं, मग टेप काढून पोट मोजलं तर १०१ सेंटीमीटर. पुरुषाचं ९० च्या आत पाहिजे म्हणे. मी श्वास आत ओढला होता तरी १०१, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग म्हणाल्या, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं ते सगळं सांगा.

"सकाळी चहा."

"नुसता?"

"नुसता."

शेजारी ही खोकली. खारी निघाली. दोन म्हणालो, परत खोकला, चार झाल्या. दुपारी दोन भाकरी न् भाजी, खोकला, चटणी निघाली. बाईला सर्दी नाही न् पडसं नाही, पण त्या दिवशी अशी खोकत होती की मॅडमनी पाणी मागवलं.

तरी मी बऱ्यापैकी निभावून नेत होतो. आकडे गोड करून दाखवायची सवय आहे हो, पोटच त्यावर भरतंय. पण मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात माणसं किती? तेल महिन्याला किती आणता? शेंगदाणे?"

ही म्हणाली, "चौघं. तेल पाच लिटर. शेंगा चार किलो."

बोंबला. हे म्हणजे ऑडिटरनं व्हाउचर बाजूला सारून डायरेक्ट गोडाऊनचा स्टॉक मोजण्यासारखं झालं. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं तर चौघांना दोन, आम्ही पाच आणतो, वरचे तीन लिटर गेले कुठं? आणि चार किलो शेंगा म्हणजे माणशी रोज तेहतीस-चौतीस ग्रॅम, त्यात पोरं चटणीला शिवत नाहीत, म्हणजे ती सगळी कुणाच्या नावावर पडणार हे सांगायला सीए लागत नाही.

मी शेवटचा बचाव काढला, "मॅडम, शेंगात पाव भाग प्रोटीन असतं."

"असतं की काका. आणि निम्मं तेल. शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि तुम्ही त्यावर आणि कच्चं तेल ओतून घेता."

ओतणारच. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली लालभडक चटणी, मधी बोटानं खड्डा करायचा, त्यात तेल, आणि कडक भाकरीचा तुकडा मोडून तिरका घालायचा, कटकन आवाज आला पाहिजे. हे चमच्यानं कोण खातं? मी मनाची तयारी केली की आता चटणी बंद म्हणणार. बंद केली असती तर बरं झालं असतं, चार दिवस पाळून पाचव्या दिवशी मोडायला मोकळा झालो असतो. पण बाई म्हणाल्या, "बंद काहीच नाही. भाकरी चांगलीच आहे, दोनच खा. भाजी दुप्पट. चटणी दोन चहाचे चमचे, सपाट. आणि जे खाल ते या वहीत लिहायचं."

बंदी नाही म्हणल्यावर भांडायचं कुणाशी?

आणि वही सुरू झाली नेमकी जानेवारीत. भोगीची भाजी, शेंगापोळी, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेला गेलं की होम मैदानावर भज्यांचा वास, आणि वर मंगळवेढ्याकडं हुरडा. हुरडा कसा लिहायचा सांगा. आगटीत कणीस भाजतंय, मामा तळहातावर गरमगरम चोळतोय, फुंकर मारून भुसा उडवतोय आणि तसाच तुमच्या ओंजळीत टाकतोय, वाटी कुठाय तिथं? मी प्रामाणिकपणे लिहिलं: 'हुरडा, ७ मुठी (मामाच्या).' मित्र वाकून बघतोय, "काय बे, उधारी लिहायला का काय?"

पुढच्या वेळी मॅडमनी ते वाचलं आणि अजिबात न हसता विचारलं, "मामांची मूठ केवढी?"

हुरड्याबरोबर चटणी होतीच, ती मी 'किरकोळ' म्हणून टाकली होती. त्याच्यावर पेन्सिलनं गोल आला.

आता महिना झालाय. वजन दीड किलो उतरलंय, तेल साडेतीन लिटरवर आलंय, आणि आई रोज म्हणते, पोरगं वाळलं. काल रात्री मी जेवण झाल्या झाल्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'चटणी, २ चमचे', आणि हात धुवायला गेलो. परत येऊन बघतोय तर पुढं हिच्या अक्षरात, लाल पेननं: 'डोंगर धरून.'