पॅनल कधीचे तयार, मीटर कुठाय?

राजस्थानात सौर प्रकल्प उभे आहेत, पण पारेषण वाहिन्या, म्हणजे वीज दूरवर नेणाऱ्या मोठ्या तारा, वेळेत न झाल्याने वीज अडते, म्हणून ग्रिड जोडणीला वेग द्या, हे लेखातलं म्हणणं पटलं. पण हो, हेच रडगाणं आमच्या ऐरोलीतल्या गच्चीवरही आहे!

सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी २० किलोवॅटचे पॅनल बसवले. पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणून सभासदही पटकन तयार झाले. पॅनल चढवायला आठवडासुद्धा लागला नाही. नेट मीटरला, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरला, मात्र चार महिने! कधी 'फाइल साहेबांकडे', कधी 'मीटर टेस्टिंगला'. तोवर पॅनलवर कबुतरांनी संसार थाटला आणि सेक्रेटरी म्हणून शिव्या मी खाल्ल्या.

फेब्रुवारी २०२४ च्या केंद्राच्या सुधारित नियमांत १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अटच काढली आहे. त्यावरच्यांसाठी ती १५ दिवसांत, आणि काम पूर्ण झाल्याचं कळवल्यावर मीटर बसवून यंत्रणा सुरू करणंही १५ दिवसांत. नियमाची प्रिंट वीज कंपनीच्या काउंटरवर ठेवली, तर समोरचा म्हणाला, "काका, आमच्याकडे असं काही आलेलं नाही."

आणि नुसत्या मंजुऱ्या वाटूनही भागत नाही, तारा हव्यातच. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई-ठाणे अंधारात गेलं, आठवतंय ना? त्यानंतर मुंबईत जादा वीज आणणारी खारघर-विक्रोळी वाहिनी सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

कोणाला नेट मीटर वेळेत मिळाला असेल तर इथे लिहा. कोणता अर्ज, कुठे पाठपुरावा केला, तेही सांगा. शेजारची सोसायटी आता रांगेत उभी आहे.